लुणावाड्याच्या डोंगररांगा दोनदा वळलेल्या का दिसतात?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कडाणा धरण पाहायला गेलो होतो. लुणावाड्यापासून पुढे क्वार्टझाइटच्या (गारगोटीच्या कणांचा टणक खडक) ठेंगण्या रांगा रस्त्याला सोबत करतात. घरी आल्यावर उपग्रह-छायाचित्र उघडले, तर त्या रांगा नागमोडी दिसल्या; एके ठिकाणी रांग फुटक्या बांगडीसारखी वळून मागे फिरते. दोन भूखंड समोरासमोर आदळले, तर सगळ्या वळ्या एकाच दिशेने पडायला हव्यात, असे मी शाळेत शिकलो. मग ही आडवी वळणे दुसऱ्या एखाद्या टकरीची आहेत का? आणि पावागड याच पट्ट्यात मोडतो का?

उत्तर (कारेलीबाग, बडोदे)

मी अनेक वर्षे भूशास्त्र शिकवले आणि या रांगांतून विद्यार्थ्यांना पुष्कळ हिंडवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पावागडाचे आधी सांगतो: तो या पट्ट्याचा नव्हे. तो दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा डोंगर आहे, आणि तो लाव्हा पसरला तेव्हा लुणावाड्याचे खडक वळून, तापून, झिजून फार काळ लोटला होता. त्या खडकांत घुसलेला गोध्र्याचा ग्रॅनाइटच सुमारे ९५ कोटी वर्षांचा आहे.

आता मूळ प्रश्न. लुणावाड्याच्या खडकांत वळ्यांच्या तीन पिढ्या ओळखल्या जातात. पहिल्या दोन ईशान्य-नैऋत्य, म्हणजे अरवलीच्या दिशेच्या. तिसरी त्यांना आडवी. चादर आधी लांबीच्या बाजूने चुणली आणि मग त्या चुण्यांसकट आडवी दाबली, तर कुठे घुमट उठतो, कुठे वाटीसारखा खळगा पडतो आणि आधीच्या चुणीची कडच वाकते. तुम्हाला दिसलेले बांगडीचे वळण अशीच वाकलेली जुनी वळी असणार.

पण आडवी वळी म्हणजे दुसरी टक्कर, असे गणित मांडू नये. टक्कर हा एका दिवसाचा अपघात नव्हे. भारत आणि आशिया एकमेकांना भिडून सुमारे ५ कोटी वर्षे झाली, तरी भारत अजून वर्षाला ४ ते ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि त्यातले सुमारे २ सेंटिमीटर हिमालयातच मुरतात. शिवाय पृथ्वीचे जाड झालेले कवच स्वतःच्या भाराने बाजूंना पसरू लागते: तिबेटचे पठार उत्तर-दक्षिण दाबले जात असतानाच पूर्व-पश्चिम ताणले जाते आणि त्या ताणाने तिथे उत्तर-दक्षिण खचदऱ्या पडल्या आहेत. एकाच टकरीत दाब आणि ताण असे काटकोनात नांदू शकतात. तरीही लुणावाड्यापुरती दुसऱ्या टकरीची शक्यता मी सोडून देणार नाही, कारण अरवलीच्या या दक्षिण टोकाशी सातपुड्याची जवळजवळ पूर्व-पश्चिम जाणारी दिशा येऊन मिळते.

उत्तर (लष्कर, ग्वाल्हेर)

आमच्याकडचे ग्वाल्हेर समूहाचे थर दीडशे कोटी वर्षांहून जुने असूनही जवळजवळ आडवे पडलेले आहेत, म्हणजे केवळ वयामुळे खडक वळत नाहीत. मला अडते ते निराळ्याच ठिकाणी: क्वार्टझाइटसारखा टणक खडक न तुटता वाकतो कसा, आणि खोलवर वाकलेला खडक आज पायाखाली कसा येतो?

उत्तर (कारेलीबाग, बडोदे)

हिवाळ्यात गुळाची ढेप बत्त्याने फोडावी लागते. वैशाखात तीच बोटाने दबते. गारगोटीचे तसेच आहे. कवचात खोलीच्या दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते आणि ३०० अंशांच्या आसपास, म्हणजे १० ते १२ किलोमीटरांखाली, गारगोटीचे कण अतिशय सावकाश का होईना, पण वाहू लागतात. त्याच्या वर मात्र खडक तुटतो आणि प्रस्तरभंग होतात, म्हणजे तुटलेले भाग भेगेवरून सरकतात.

वर येण्याचे काम झीज करते. पर्वताखाली कवचाचे जाड मूळ प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जड थरात, बुडालेले असते. कवचाची घनता पाण्याच्या २.८ पट आणि प्रावरणाची ३.३ पट धरली, तर वरचा १,००० मीटर खडक धुऊन गेल्यावर खालून सुमारे ८५० मीटर वर येतो, म्हणजे उंची दीडशे मीटरच घटते. त्या हिशेबाने ४ किलोमीटर उंची उतरायला सुमारे २६ किलोमीटर खडक झिजावा लागतो. लुणावाड्याला आपण पर्वताच्या माथ्यावर नव्हे, त्याच्या पोटात उभे असतो.

प्रश्नकर्ता

कडाण्याहून आणलेला अभ्रकी शिस्टचा (अभ्रकाच्या पापुद्र्यांचा खडक) तुकडा आज खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरला. चकचकीत पापुद्र्यांवर बारीक, समांतर सुरकुत्या आहेत आणि मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे तांबूस गार्नेट हे खनिज आहे. पापुद्रे त्याला वळसा घालून जातात. ते दाब येण्याआधी वाढले असावे का?

उत्तर (कारेलीबाग, बडोदे)

निदान शेवटच्या दाबाआधी तरी नक्की. पापुद्रा आधी तयार झाला, सुरकुती नंतर पडली. त्या गार्नेटचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. आत कणांच्या वाकड्या रांगा अडकलेल्या दिसल्या, तर बाहेर पुसली गेलेली जुनी वळी त्या दाण्याने जपून ठेवली आहे असे समजा. आणि पुढच्या खेपेला तुकडा उचलण्याआधी त्यावर उत्तर दिशेची खूण करा, कारण त्याशिवाय त्या सुरकुत्या कोणत्या पिढीच्या ते ठरवता येणार नाही.