पर्यायी ऊर्जेवरची पीपीटी: तुमचा अनुभव सांगा

परवा रात्री भाचीचा फोन आला. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारचा विषय बायोगॅस, वेळ 10 मिनिटं, आणि तिच्या तयार स्लाइड 44. "मामा, यातल्या कुठल्या काढू?" मला नीट उत्तर देता येईना, म्हणून हा धागा. सौर, पवन, बायोगॅस, लाटा, काहीही असो, विद्यार्थी असताना पर्यायी ऊर्जेवर सादरीकरण केलं असेल तर लिहा. टेम्प्लेट आणि रंगसंगतीबद्दल नको. कुठे अडलात, कोणत्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही आणि मग काय केलंत, ते हवं आहे.

सुरुवात माझ्यापासून. माझाही विषय बायोगॅसच होता. इतिहासाच्या स्लाइडवर मी लिहिलं होतं: 'जगातलं पहिलं बायोगॅस संयंत्र 1859 साली मुंबईत, कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत.' तीन ठिकाणी वाचलं होतं, त्यामुळे शंका आलीच नाही. एक्स्टर्नल म्हणून आलेल्या बाई मुंबईच्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "माटुंग्याचं कुष्ठालय सुरू कधी झालं?" मला माहीत नव्हतं. ते सुरू झालं 1890 साली. म्हणजे कुष्ठालयच नव्हतं तेव्हा तिथे गॅस कुठून येणार? मैल्यापासून गॅस करून दिवे लावल्याची तिथली नोंद 1897 ची आहे. तिन्ही ठिकाणी एकच चूक उतरत आली होती आणि चौथी माझी स्लाइड. तेव्हापासून कुठलंही साल लिहिताना त्याच्या शेजारचं एक साल मी तपासतोच.

चंद्रपूर, बीएस्सी भौतिकशास्त्र

माझा विषय छतावरचे सौर पॅनेल. पहिल्या खर्ड्यात सगळे आकडे कंपनीच्या माहितीपत्रकातले होते. गाइड मॅडमनी एकच विचारलं, "हे 335 वॅट कुठल्या तापमानाला?" पॅनेलच्या मागच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: 25 अंश सेल्सिअस, चौरस मीटरला 1000 वॅट ऊन. चंद्रपूरला मे महिन्यात 25 अंश पहाटेसुद्धा मिळत नाहीत!

मग हॉस्टेलच्या गच्चीवर गेले. पॅनेलच्या पाठीला थर्मामीटरचा सेन्सर चिकटपट्टीने लावला आणि सकाळी 7 पासून दर अर्ध्या तासाला वहीत नोंद केली. ओला रुमाल डोक्यावर, पायात चपला असूनही गच्ची चटके देत होती. दुपारी साडेबाराला पॅनेलची पाठ 66 अंश. सिलिकॉनच्या पॅनेलची ताकद 25 च्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के उतरते. 41 अंशांचे झाले 16 टक्के, म्हणजे 335 चे 280. प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळत होते, कारण काचेवर धूळ होती आणि ऊनही पूर्ण हजाराचं नव्हतं.

शेवटी माझ्या पीपीटीत 7 स्लाइड उरल्या. त्यातली एक म्हणजे वहीच्या त्या पानाचा फोटो, घामाच्या डागासकट. प्रश्न सगळे त्याच स्लाइडवर आले आणि एकाही प्रश्नाला मी अडले नाही.

सातारा, मेकॅनिकल

उभ्या अक्षाची छोटी पवनचक्की केली होती. कार्यक्षमता आली 64 टक्के. चौघांनी मिळून ती मोठ्या अक्षरात स्लाइडवर टाकली. रंगीत तालमीला सर म्हणाले, "बेट्झची मर्यादा वाचलीय का?" कुठलीही पवनचक्की वाऱ्यातली 59.3 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढूच शकत नाही. वारा पात्यांतून पुढे जायचा तर थोडा वेग त्याच्याकडे उरायलाच हवा, सगळा काढून घेतला तर तो तिथेच तुंबेल.

चूक शोधायला दोन रात्री गेल्या. वेगमापक आम्ही पात्यांच्या मागे धरत होतो, जिथे वारा आधीच मंदावलेला असतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग 30 टक्के कमी मोजला की शक्ती जवळपास एक तृतीयांशच दिसते. समोरून मोजल्यावर 22 टक्के आले. आम्ही दोन्ही आकडे ठेवले आणि चूक कशी सापडली यावर एक पूर्ण स्लाइड केली. माझ्या मते आमच्या प्रकल्पातली सगळ्यात चांगली स्लाइड तीच.

नंदुरबार

मी सगळं मराठीत केलं होतं. घरी सुंदर दिसत होतं, पण कॉलेजच्या संगणकावर उघडलं तर 'सौरऊर्जा'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट जुना होता, युनिकोड नव्हता. मराठीत करणाऱ्यांनी युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ सोबत ठेवा. मराठी मात्र सोडू नका.

रत्नागिरी, एमएस्सी

लाटांपासून वीज हा विषय चित्राने कळत नाही, हे मला घरीच कळलं. आईला ॲनिमेशन दाखवलं, ती म्हणाली, "पाणी हललं, मग?" तेव्हा बिसलेरीच्या बाटलीचा तळ कापला, झाकण काढलं, बादलीत उभी धरून वरखाली केली आणि आईचा तळहात तोंडावर ठेवला. वर फुंकर, मग ओढ, पुन्हा फुंकर. "अगो, हवा येते नि जाते!" बस, हेच. केरळात विळिंजम इथे 1991 मध्ये 150 किलोवॅटचा जो प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला, त्यात लाटेने असाच हवेचा स्तंभ वरखाली व्हायचा. हवेची दिशा उलटली तरी एकाच बाजूला फिरणारं वेल्स टर्बाइन त्यासाठी लागतं. सेमिनारला मी बादली घेऊनच गेले. परीक्षकांनीही हात ठेवून पाहिला.

अहिल्यानगर जिल्हा, कृषी पदवी

माझी पहिली स्लाइड एकाच ओळीची होती: 'आमच्या वडिलांना पाणी द्यायला रात्री 12 ला उठावं लागतं.' शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच यायची. बॅटरी, काठी आणि बिबट्याची धास्ती, हे मी लहानपणापासून पाहिलंय. सौर कृषिवाहिनीवर, म्हणजे शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याच्या योजनेवर बोलायचं तर मेगावॅटच्या आधी हे यायला हवं, असं मला वाटलं. राळेगणसिद्धीचं उदाहरण पुढे घेतलंच. एका सरांचं मत पडलं की हे भावनिक आहे. मी म्हटलं, सर, सूर्य असताना वीज मिळणं हाच आमच्या दृष्टीने या योजनेचा तांत्रिक फायदा आहे.

फ्रायबुर्ग, जर्मनी

पेरोव्हस्काइटवर बोलले, म्हणजे सिलिकॉनऐवजी वेगळ्या स्फटिकी पदार्थाच्या सौर सेलवर. कार्यक्षमता 2009 मध्ये 3.8 टक्के, आता 25 च्या वर, असा चढता आलेख टाकला. पहिलाच प्रश्न: "सेल केवढा?" नखाएवढा. दुसरा: "ओलाव्यात किती टिकतो?" आता कार्यक्षमतेच्या शेजारी क्षेत्रफळ आणि टिकाव लिहिल्याशिवाय मी आकडा टाकत नाही.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचून भाचीने 44 च्या 9 केल्या. 'प्रस्तावना' आणि 'ऊर्जेचे महत्त्व' या पहिल्यांदा गेल्या. एका घनमीटर गॅसला 25 किलो शेण लागतं, हे तिने पुस्तकातून उतरवलं होतं. काल ती आजोळी गेली, आजोबांचा ताणकाटा घेऊन गोठ्यात उभी राहिली. दोन म्हशींचं दिवसाचं शेण 27 किलो भरलं. आज पुन्हा मोजणार आहे. आजोबा म्हणतात, पेंड बदलली की शेणही बदलतं, आठवडाभर मोज.