मदत हवी आहे: एडी जोन्सचे कोणते सामने बघू?

मंडळी, रग्बी युनियन कळणारं कुणी आहे का इथे? आमचा जीव क्रिकेटात, त्यामुळे सांभाळून घ्या.

एडी जोन्स सिडनीच्या रँडविक क्लबचा हूकर (पुढच्या रांगेत मधोमध खेळणारा). 1989 मध्ये त्याच क्लबच्या राखीव संघातल्या फिल कर्न्सला (तोही हूकर) थेट ऑस्ट्रेलियाकडून खेळवलं, हा मात्र कायमचा बाहेर! पण प्रशिक्षक म्हणून 2003 च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला अंतिम फेरीत नेलं (इंग्लंडकडून 17-20, तेही जादा वेळेत).

मी अडकलोय ते 2015 च्या विश्वचषकातल्या ब्रायटनच्या सामन्यात. जोन्स तेव्हा जपानचा प्रशिक्षक, समोर दक्षिण आफ्रिका. जपान 29-32 ने मागे, शेवटची मिनिटं, पेनल्टी मिळालेली. गोलखांबांमधून किक मारली असती तर 3 गुण, म्हणजे बरोबरी. कर्णधार लीचने स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तो) मागितला, जपानचा हेस्केथ चेंडू घेऊन कोपऱ्यात घुसला, 5 गुण मिळाले आणि दक्षिण आफ्रिका 34-32 ने गारद! जोन्सला म्हणे किकच हवी होती.

आकाराने लहान खेळाडूंकडून त्याने हे कसं करून घेतलं? बचावफळीच्या अगदी नाकासमोर पास देत खेळायची रँडविकची जुनी पद्धत यामागे आहे का? ते नीट दिसेल असे दोन-तीन सामने सुचवा. आणि 2023 मध्ये हाच माणूस असताना ऑस्ट्रेलिया गटातच कसा बाद झाला, तेही जमल्यास सांगा.