पोस्टग्रेस: दोन स्किमांची तुलना पीजी_डंपने करावी की वेगळ्या टूलने?

प्रश्न
स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर) आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातला), दोन्हीकडे पोस्टग्रेस १६ डेटाबेस. पीजी_डंपने (डेटाबेस फाइलमध्ये उतरवणारं टूल) नुसता स्किमा, म्हणजे टेबलांची रचना, काढून डिफ मारला (दोन फाइलींची ओळीनुसार तुलना केली) की शेकडो ओळी येतात. खरे बदल चार-दोनच असावेत. यातला कचरा काढता येतो का, की सरळ तुलनेचं वेगळं टूल, म्हणजे मायग्रा किंवा पीजीअ‍ॅडमिनचं स्किमा डिफ वापरावं?

प्रतिसाद १
दोन्ही डंप एकाच मशीनवरून, एकाच पीजी_डंपने घ्या. --स्किमा-ओन्ली सोबत --नो-ओनर आणि --नो-प्रिव्हिलेजेस लावा. मालकी आणि ग्रँटच्या (परवानग्यांच्या) ओळी तिथेच गळतात. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटपासून (तुमच्याकडे १६.१०) डंपच्या सुरुवातीला आणि शेवटी सुरक्षेसाठी रिस्ट्रिक्ट-अनरिस्ट्रिक्टच्या ओळी असतात, त्यांतली की (किल्ली) दर वेळी नवी. --रिस्ट्रिक्ट-की ला दोन्हीकडे एकच व्हॅल्यू द्या.

ऑब्जेक्ट्स प्रकार आणि नावाप्रमाणे लागतात, त्यामुळे सॉर्ट करत बसू नका. कॉलमचं मात्र तसं नाही. नंतर घातलेला कॉलम टेबलाच्या शेवटीच जातो, म्हणून तेच कॉलम वेगळ्या क्रमाने असले तरी डिफ दिसणार. शिवाय आधीच्या शेवटच्या कॉलमपुढे स्वल्पविराम येतो, म्हणजे एक कॉलम वाढला की दोन ओळी बदललेल्या!

प्रतिसाद २
डिफ फरक दाखवेल, ऑल्टर (रचना बदलणाऱ्या कमांड) लिहून देणार नाही. मायग्रा देतं, पण रिनेम त्याला कळत नाही. 'फोन'चा 'मोबाइल' केलात की एक कॉलम ड्रॉप, दुसरा अ‍ॅड. ती स्क्रिप्ट तशीच चालवली तर डेटा गेलाच. ड्रॉप असेल तर --अनसेफ दिल्याशिवाय ते पुढे जात नाही, हे त्यातल्या त्यात बरं. आता त्याची देखभालही होत नाही, नव्याने त्याच्या नादी लागू नका. पीजीअ‍ॅडमिन चालेल, दोन्ही सर्व्हर एकाच मेजर व्हर्जनचे लागतात, ते तुमचे आहेतच. स्क्रिप्ट मात्र ओळ न ओळ वाचूनच चालवा.

प्रतिसाद ३
प्रॉडक्शनवर थेट डंप कशाला? स्किमापुरता डंपसुद्धा प्रत्येक टेबलावर अ‍ॅक्सेस शेअर लॉक (वाचताना लागणारं हलकं कुलूप) घेतो. तेव्हाच कोणी ऑल्टर टेबल लावला तर तो डंपमागे थांबतो आणि त्याच्यामागे साध्या सिलेक्टची रांग लागते. रात्रीचा बॅकअप पीजी_डंपच्या कस्टम फॉरमॅटमध्ये असेल तर पीजी_रिस्टोअरला --स्किमा-ओन्ली आणि --फाइल देऊन त्यातूनच एसक्यूएल काढा. वरचे पर्याय इथेही चालतात.

प्रश्नकर्ता
रोल्स (युजर खाती) यात येतील का?

प्रतिसाद ३
नाही, ते एका डेटाबेसचे नसून क्लस्टरचे, म्हणजे पूर्ण सर्व्हरचे. पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली वेगळं घ्या. त्यात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) असतात, --नो-रोल-पासवर्ड्स लावल्याशिवाय ती फाइल गिटमध्ये टाकू नका.