रोजनिशी तिसऱ्या आठवड्यातच का बंद पडते?

प्रश्न : झोपण्यापूर्वी मनातले चार शब्द वहीत उतरवायचे, असे मी तीनदा ठरवले, मात्र एकवीस दिवस भरण्याआधीच खंड पडतो आणि अपराधीपणा तेवढा वाढतो. काय चुकते?

उत्तर १ : एकवीस दिवसांत सवय लागते, हा हिशेबच फसवा आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या २०१० मधील अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, व्यक्तीगणिक १८ ते २५४. शिवाय एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

उत्तर २ : वही उशीवरच ठेवावी, म्हणजे ती उचलल्याशिवाय आडवे होता येत नाही. माझी एक नोंद ‘आज कंटाळा’ एवढीच आहे.

उत्तर ३ : लिहिताना तीच खंत उगाळली जात असेल आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर वहीवर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.