आई ३१ वर्षं विड्या वळतेय, पण शेवटच्या नऊ वर्षांचं कार्डच नाही

पूर्वभागातली लेक
नमस्कार. आम्ही सोलापूरचे. आई यंदा ५८ ची झाली. पहिली २२ वर्षं ती कारखान्याच्या कार्डावर होती, पीएफ कापला जायचा. मग आमच्याकडची ब्रँच बंद झाली आणि गल्लीतलाच एक जण तेंदूचं पान आणि तंबाखू आणून द्यायला लागला. विडी तीच, लेबल तेच, कार्ड मात्र गेलं.

रात्री पान ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, पहाटे पत्र्याचा साचा ठेवून कापायचं, मग दिवसभर मांडीवर सूप. विड्यांची तोंडं मिटवून आम्ही बहिणी शाळेत जायचो, त्यामुळे सगळं माहीत आहे असंच वाटायचं. गेल्या महिन्यात मोजलं तेव्हा कळलं, हजार विड्यांचं पान म्हणून तो देतो त्यात साडेआठशेच विड्या भरतात. उरलेलं पान आई पदरच्या पैशानं बाजारातून आणते. वर संध्याकाळी चाळीस-पन्नास विड्या छाट, म्हणजे खराब माल, म्हणून काढतो. त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत.

या नऊ वर्षांचा पीएफ मागता येतो का? आई म्हणते, तक्रार केलीस तर अख्ख्या गल्लीचं पान बंद होईल.

निवृत्त कारकून
ताई, ती छाटच तुमच्या बाजूची आहे. घरी बसून वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत, असं मालक सुप्रीम कोर्टात सांगत होते. कोर्टानं १९८५ साली ते फेटाळलं. माल तपासून नाकारायचा हक्क ज्याच्या हातात, त्याचाच कामावर ताबा, म्हणून पीएफ द्यायचाच. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही घरी वळणारी बाई यायची, मध्ये ठेकेदार असला तरी. आजपासून वहीत रोज लिहा: पान किती, विड्या किती, छाट किती. लेबलं जपून ठेवा.

नऊ वर्षांची लढाई लांबेल. पण जुन्या २२ वर्षांची पेन्शन त्या लढाईसाठी अडवू नका. दहा वर्षं भरली की ५८ ला हक्क लागतो, किमान १,००० रुपये महिना. रक्कम तुटपुंजी आहे, मला मान्य आहे. तरी पेन्शनचा १०-डी फॉर्म याच महिन्यात भरा.

कण्णूरला राहिलेला
आईंची भीती खोटी नाही. केरळ सरकारनं हाच कायदा लागू करायला घेतला तेव्हा मोठ्या मालकांनी कण्णूर भागातलं काम गुंडाळलं, हजारो घरांचं काम एकदम बसलं. विडीला ना यंत्र लागतं ना शेड. पान-तंबाखूची पोती उचलली की धंदा दुसऱ्या राज्यात. म्हणून मजुरी राज्याराज्यांत वेगळी असेल तोवर जिथे कामगार स्वस्त तिथेच काम जाणार. तिथल्या कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश बीडी ही स्वतःची सहकारी संस्था काढली, पुढे विडी घटली तशी छत्र्या, नारळाचं दूध असं काय काय केलं. सोलापुरात लगेच तसं होईल असं नाही. पण तक्रार एकट्या आईंच्या नावानं करू नका, गल्लीतल्या सगळ्या जणींच्या सह्या घ्या.

पूर्वभागातली लेक
आभार. पत्र्याच्या पेटीत जुनं कार्ड सापडलं. त्यावर आईचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. सोमवारी रजा टाकून पीएफ ऑफिसला जाते. शेजारच्या दोघी सही करतो म्हणाल्या, तिसरी नवऱ्याला विचारून सांगणार आहे.

निवृत्त कारकून
नावासाठी आधी संयुक्त घोषणापत्र, म्हणजे पीएफच्या नोंदीतलं नाव दुरुस्त करायचा अर्ज, लागेल. आईंना सोबत न्या, सही-अंगठा तिथल्या तिथे होईल. कार्डाची झेरॉक्सच द्या, मूळ कार्ड हातातून सोडू नका.