घराच्या अंतर्गत कामासाठी परवानाधारक ठेकेदार : आपले अनुभव लिहावेत

डोंबिवलीतील आमची सदनिका १९९६ सालच्या इमारतीत आहे. न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली होती, वायरिंग मूळचेच होते आणि ओट्याचा कडप्पा दोन ठिकाणी तडकला होता, म्हणून गेल्या वर्षी तिन्ही कामे एकदम काढायचे आम्ही ठरवले. ठेकेदार परवानाधारकच असावा, असा माझ्या सासऱ्यांचा आग्रह होता. पहिल्या तीन ठेकेदारांना मी परवान्याबद्दल विचारले आणि तिघांनीही ‘आहे ना, ताई’ असे म्हणत एकेक कागद पुढे केला. पहिल्याचा कागद गुमास्त्याचा होता, दुसऱ्याचा जीएसटी नोंदणीचा, तर तिसऱ्याचा एका रंगकंपनीच्या प्रशिक्षणाचा.

चौकशी केल्यावर कळले की महाराष्ट्रात ‘इंटिरिअरचा ठेकेदार’ असा वेगळा सरकारी परवाना नाही. परवाना असतो तो वीजकामाच्या ठेकेदाराला आणि त्याच्या हाताखालच्या तारतंत्र्याला, म्हणजे वायरमनला. नळकामासाठी महानगरपालिकेचा परवाना असलेला प्लंबर असतो. आणि इमारतीच्या सांगाड्याला हात लागणार असेल तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. गुमास्ता ही केवळ आस्थापनेची नोंद आहे, आणि २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना दिली तरी चालते. तो कागद खोटा नसतो, परंतु कारागिराला काम येते की नाही, हे त्यावरून कळत नाही. सुतार, फरशीवाला, पीओपीवाला आणि रंगारी यांच्या बाबतीत तर जुनी कामे प्रत्यक्ष जाऊन पाहणे हाच मार्ग उरतो.

शेवटी आम्ही ज्यांना काम दिले, त्यांनी स्वतःचा कोणताच परवाना दाखवला नाही. ‘वीज आणि नळ माझे नाही. त्या दोघांना मी समोर आणतो, त्यांचे कागद तुम्ही वेगळे बघा,’ असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, आणि त्या एका वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. न्हाणीघराचा जुना कोबा स्लॅबपर्यंत काढल्यावर गळती नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या तोंडाच्या, कडेने असल्याचे दिसले. सांधा नव्याने भरून, भिंत व स्लॅब मिळतात तो कोपरा गोलाकार करून, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिल्यावर प्लंबरने ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी भरले आणि पाण्याच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढली. ‘काकू, दोन दिवस फरशीवाल्याला बोलवू नका,’ असे ते माझ्या सासूबाईंना बजावून गेले. अठ्ठेचाळीस तासांनी पाणी त्या रेघेच्या खाली जेमतेम केसभर गेले होते आणि खालच्या काकूंच्या छताला नवी ओल नव्हती. त्यानंतरच फरशी बसली.

आपल्यापैकी ज्यांनी असे काम करून घेतले आहे, त्यांनी परवाना कसा तपासला, कोणत्या टप्प्यावर काय पाहिले आणि कुठे फसगत झाली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

कोथरूड, पुणे

ताईंनी वीजकामाचा उल्लेख केला आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. आमच्या घराचे संपूर्ण काम एका ठेकेदाराने अंगावर घेतले होते आणि ‘इलेक्ट्रिशियन आमचा घरचाच आहे’ असे सांगितले होते. वास्तू झाल्यावर चौथ्या महिन्यात गिझर आणि इंडक्शन शेगडी एकाच वेळी सुरू असताना स्वयंपाकघरातील वीजपेटीतून जळका वास येऊ लागला. परवाना असलेल्या दुसऱ्या ठेकेदारांना बोलावून मी पेटी उघडून घेतली, तेव्हा आत दीड चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे दिव्यांसाठी वापरतात त्या तारेवर दोन्ही उपकरणांचा भार दिलेला दिसला. सांधा नुसता पिळून त्यावर काळी पट्टी गुंडाळलेली होती, आणि ती पट्टी वितळून तांब्याला चिकटली होती.

हिशेब त्यांनी मला कागदावर मांडून दाखवला. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, तेवढेच इंडक्शन ओढते, म्हणजे एकाच बारीक तारेवर सतरा-अठरा अँपिअर. अशा प्रत्येक उपकरणाला पेटीपासून स्वतंत्र जाड तार आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारी कळ, हवी होती. आमच्याकडे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही नव्हते. तारेतून गळणारा प्रवाह माणसाच्या अंगातून जाऊ लागताच पुरवठा तोडणारे हे यंत्र घरात नाही, हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण घरात त्या वेळी रांगणारे मूल होते. नव्या फरशीला धक्का न लावता, पण नवा रंग खरवडून, दोन खोल्यांचे वायरिंग पुन्हा करावे लागले.

माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे की वीजकाम करणाऱ्याकडे राज्याच्या अनुज्ञापक (परवाना देणाऱ्या) मंडळाचा परवाना क्रमांक मागावा, त्यावरील मुदत पाहावी, आणि काम संपल्यावर त्याच्या सहीचा चाचणी अहवाल घ्यावा. महावितरणकडे मंजूर भार वाढवताना तो अहवाल लागतोच. आम्हाला त्याच वेळी आधीच्या माणसाकडे परवानाच नसल्याचे समजले.

ठाणे

आमच्या बाबतीत परवाना असूनही प्रसंग ओढवला असता. प्लंबर नोंदणीकृत होता, काम नीटनेटके होते. मात्र गरम पाण्याची नळी लपवण्यासाठी त्याच्या माणसाने भिंतीला खाच पाडता पाडता शेजारच्या कॉलमलाही छिन्नी लावली. मी कामावरून लवकर घरी आले म्हणून ते दिसले. वीतभर लांबीत काँक्रीटचे आवरण निघून आतली सळई उघडी पडली होती. मी विचारले तर ‘मॅडम, वरून प्लॅस्टर झाले की काही दिसत नाही’ असे उत्तर मिळाले, आणि माझ्या मते तेच सर्वांत घातक उत्तर होते, कारण सळईला हवा आणि ओल लागून गंज धरला की ती फुगते आणि आवरण आणखी फोडत जाते.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी त्याच संध्याकाळी काम थांबवले. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्याने दर तीन वर्षांनी तिचे स्ट्रक्चरल ऑडिट होते. तेच अभियंता येऊन गेले, त्यांनी गंज काढून, सळईला रासायनिक थर देऊन, पॉलिमर मॉर्टरने कॉलम भरून घेतला आणि नळीचा मार्ग बदलला. संस्थेचे ना-हरकत पत्र मागणे म्हणजे अडवणूक आहे, असे मला आधी वाटत होते. आता मी स्वतः समितीवर आहे आणि प्रत्येक अर्जासोबत भिंतींचा नकाशा मागते, ज्यावर कॉलम आणि बीम लाल रंगाने दाखवलेले असतात.

नाशिक

माझा अनुभव छोटा आणि चांगला आहे. सुतारकामासाठी परवाना नसतो, हे खरेच. म्हणून मी करारात साहित्याचेच नाव लिहून घेतले. ओट्याखाली आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्याला टिकणारे मरीन प्लाय, बाकी कपाटांना आयएस ३०३ चे साधे प्लाय, जाडी अठरा मिलिमीटर, आणि प्लायच्या प्रत्येक तक्त्यावरचा आयएसआय शिक्का कापण्याआधी मला दाखवायचा, अशी अट घातली. मिस्त्रींना राग येईल असे वाटले होते, पण ते म्हणाले, ‘दादा, असे विचारणारे असले की मलाही दुकानदाराला ठणकावून सांगता येते.’ सहा वर्षे झाली, सिंकखालचे कपाट अजून फुगलेले नाही.

सिंगापूर

येथील सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या घरात आम्ही राहतो. येथे नूतनीकरणाचे काम मंडळाच्या सूचीतील ठेकेदारालाच देता येते, आणि भिंत पाडणे किंवा न्हाणीघराची फरशी बदलणे यांसाठी तोच मंडळाकडे परवानगीचा अर्ज करतो. नव्या घराच्या न्हाणीघरातील मूळ फरशी पहिली तीन वर्षे काढता येत नाही, कारण तिच्याखालचा जलरोधक थर फुटण्याची भीती असते. ठोकाठोकीची कामे सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळेत करायची असतात. शनिवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी ती बंद असतात. काम सुरू होण्याआधी आम्ही शेजारच्या आजींना सांगायला गेलो, तर त्यांनी आपल्या दुपारच्या झोपेची वेळ सांगितली आणि आमच्या ठेकेदाराने ती शेवटपर्यंत पाळली. पुण्यातील आईच्या घराचे काम काढले तेव्हा नियम नसतानाही मी वेळेची अट करारात घातली.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

येथे ठेकेदारांसाठी राज्याचे स्वतंत्र परवाना मंडळ आहे आणि मंडळाच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकला की त्याची मुदत, जामीन (हमीचा बाँड), कामगारांचा विमा आणि पूर्वीची शिस्तभंगाची कारवाई हे सर्व कोणालाही पाहता येते. परवानाधारकाला पंचवीस हजार डॉलरचा जामीन ठेवावा लागतो. आम्ही स्वयंपाकघराचे काम काढले तेव्हा एका ठेकेदाराने एकूण रकमेच्या तीस टक्के आगाऊ मागितले. भारतातील सवयीमुळे आम्ही धनादेश लिहिणारच होतो. शेजारच्या मराठी काकांनी वेळीच सांगितले की घरकामाच्या करारात आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्याहून अधिक घेण्यास कायद्याने मनाई आहे. त्या ठेकेदाराला आम्ही नकार दिला.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. नगरपालिकेचा निरीक्षक भिंत बंद होण्याआधी येतो. आमच्याकडे तारा आणि नळ उघडे असताना तो आला, आणि पाण्याच्या नळीजवळून गेलेल्या एका तारेला संरक्षक पत्रा नसल्याचे दाखवून त्याने सही नाकारली. काम चार दिवस थांबले, आम्ही वैतागलो, परंतु पुढे त्याच ठिकाणी मांडणीसाठी खिळा ठोकताना तो पत्र्यावर अडला, तेव्हा त्या चार दिवसांची किंमत कळली. आणखी एक सांगते : मुख्य ठेकेदाराने हाताखालच्यांचे पैसे थकवले तर ते आपल्या घरावर बोजा चढवू शकतात, म्हणून प्रत्येक हप्त्यासोबत त्यांची ‘पैसे मिळाले’ अशी लेखी सही घ्यावी.

सांगली

सर्वांचे अनुभव वाचल्यावर मलाही लिहिण्याचे धैर्य आले. माझे यजमान गेल्यानंतर घर माझ्या एकटीच्या सोयीचे करून घ्यावे, म्हणून मी एका ठेकेदाराला चार लाख ऐंशी हजारांचे काम दिले. दोन लाख नव्वद हजार घेऊन, स्वयंपाकघर उखडलेल्या अवस्थेत सोडून तो येईनासा झाला. दीड महिना मी बाहेरच्या खोलीत एका शेगडीवर स्वयंपाक केला. दूरध्वनीवर तो दर वेळी ‘सोमवारी नक्की’ असे सांगत असे.

माझ्याकडे मुद्रांकावरचा करार नव्हता. होते ते त्याच्या हस्ताक्षरातील दरपत्रक, बँकेतून दिलेल्या हप्त्यांच्या नोंदी आणि त्याचे मोबाइलवरील निरोप. भाच्याच्या मदतीने मी आधी नोटीस पाठवली आणि मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेले. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे मला तेथेच समजले. निकालाला वेळ लागला, परंतु तो माझ्या बाजूने लागला. हातात कागद असता तर वेळ वाचला असता, असे वाटते. तरीही बहिणींनो, कागद अपुरा आहे म्हणून घाबरून गप्प बसू नका. बँकेतून दिलेला प्रत्येक रुपया हा पुरावा असतो. मी एकही हप्ता रोख दिला नव्हता, आणि त्यानेच मला तारले.

सातारा

मी स्वतः परवानाधारक वीज ठेकेदार आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो. आयटीआयमध्ये तारतंत्री अभ्यासक्रम करून, अनेक वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली राबून मी हा परवाना मिळवला. दर महिन्याला कोणी ना कोणी येऊन ‘काम आम्ही केले आहे, चाचणी अहवालावर तुमची फक्त सही द्या, पैसे घ्या’ असे म्हणतो. मी न पाहिलेल्या तारेवर सही करत नाही, कारण उद्या त्या घरात दुर्घटना घडली तर नाव माझे असेल, आणि त्याहून मोठे म्हणजे जीव दुसऱ्याचा जाईल. परंतु अशी सही देणारे आहेत. तेव्हा परवाना पाहाच, पण परवान्यावरचा माणूस प्रत्यक्ष घरात येतो का, हेही पाहा.

घरमालकांकडूनही एक अडचण होते. पीओपीवाल्याची तारीख ठरलेली असते, म्हणून छताच्या आतील काम तपासायला मला अर्धा दिवसही मिळत नाही. मेगरने तारांच्या आवरणाचा रोध मोजायला, तो किमान एक मेगओहम भरतो की नाही हे प्रत्येक मंडलासाठी (सर्किटसाठी) पाहायला, आणि अर्थिंग तपासायला वेळ लागतो. तो करारातच ठेवावा आणि पैशाचा एक हप्ता त्या चाचणीला बांधून ठेवावा. माझ्यासारख्यांना त्याचे वाईट वाटणार नाही.

प्लॅस्टर होण्याआधी मी प्रत्येक भिंतीवर फूटपट्टी धरून पाइपांची छायाचित्रे काढतो, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासूनची अंतरे त्यावर लिहितो, आणि ती छापून वीजपेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून देतो. गेल्या दिवाळीत एका जुन्या घरी गेलो होतो. तेथील आजोबा पडद्याच्या दांडीसाठी भिंतीला भोक पाडून घेत होते, आणि ड्रिलवाल्याला थांबवून, चष्मा लावून, आधी तो कागद वाचत होते.