बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

बाळंत होऊन २२ दिवस झालेत. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.२ होतं, घरी येताना १०.१. सासूबाई फार मायेनं करतात, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, रोज शेक. पण गोळ्या "उष्ण पडतात" म्हणून बंद केल्यात आणि पाणीही मोजून देतात. रात्री पाजताना घसा अगदी कोरडा पडतो. त्यांना न दुखावता काय सांगू?

उत्तर १
मी आशा सेविका आहे. गोळ्या सोडू नका, ताई. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस, रोज एक, असंच आम्ही सांगतो. चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शी काळी होते, घाबरू नका. सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पटतं.

उत्तर २
पाणी तहानेइतकं प्याच! मी पाजायला बसताना तांब्या उशाशीच ठेवायचे. खीर, लाडू खुशाल खा, पण ते गोळीच्या जागी नव्हेत.

उत्तर ३
अंगावरून अचानक जास्त जायला लागलं, ताप आला किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.